थांबला, थांबला नाही आणि बाकीचे

मुलुंड पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गाच्या एका बाजूला आम्ही राहतो आणि बरोबर समोरच्या बाजूला पिठाची गिरणी आहे. आमच्या गॅलरीतून गिरणीवाला दिसतो. त्याने कुणाचा डबा पुढे घेतला आणि कुणाचा मागे ढकलला तेही दिसतं. फक्त तिथे जाता येत नाही, कारण मधून रस्ता जातो. हा पूर्वीचा आग्रा रोड. त्यावरून माणूस आग्र्याला पोचायचा म्हणे. आग्र्याला आजही जाता येईल. गिरणीचं सांगता येत नाही.

त्यात मेट्रो चारचं काम. वडाळ्याहून कासारवडवलीला जाणारी ही मेट्रो आमच्या डोक्यावरून जायची आहे, पण तिचा पसारा इतकी वर्षं आमच्या पायात आहे. झेब्रा क्रॉसिंगचे निम्मे पट्टे पत्र्यांच्या आत गेले आणि उरलेल्या निम्म्यांवर टेम्पो उभे राहतात. गव्हाचा डबा घेऊन निघालेला मी कसाबसा दुभाजक गाठतो आणि तिथेच माझं बस्तान बसतं. मग घरून फोन येतो.

"कुठे आहात?"

"दुभाजकावर."

"अजून? मग हलू नका. मी गॅलरीत येते आणि कधी निघायचं ते सांगते."

पूर्वी काशीयात्रेला निघालेल्या माणसाला अख्खं गाव वेशीपर्यंत सोडायला जायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये दळणाला निघालेल्या माणसाला तसं सोडायला हरकत नाही.

माझ्या या उभ्या आयुष्याचं सोनं करायचं माझ्या भाचीने ठरवलं. ती वाहतूक अभियांत्रिकीत एमटेक करते. पादचारी समोर आल्यावर वाहनचालक कसा वागतो, त्याचं वर्गीकरण हा तिच्या प्रबंधाचा विषय आहे.

"मामा, मुंबईत रस्त्यावर मरणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास लोक नुसते चालणारे असतात. ट्रॅफिक पोलिसांचे अहवाल काढून बघ. मला एवढंच शोधायचंय, की समोर माणूस दिसला की ड्रायव्हर नेमकं करतो काय?"

"शिव्या देतो."

"त्याच्या आधी!"

तिने मला पॅड दिलं, वर क्लिपेत अडकवलेले फॉर्म दिले आणि पेन दोऱ्याने बांधून दिलं. मी पेनं हरवतो हे तिला आईकडून कळलेलं असणार. फॉर्मवर तीन रकाने होते. 'पूर्ण थांबला', 'वेग कमी केला' आणि 'थांबला नाही'. "तू नाहीतरी तिथे उभाच असतोस, येणाऱ्या प्रत्येक गाडीला एक टिक कर," म्हणाली. बँकेत माझी हयात रकाने भरण्यात गेली. तीनच रकाने बघून मला त्या पोरीची कीव आली, पण ती मी तेव्हा गैरसमजाने केली. मला वाटलं, इतकं सोपं काम करून हिला पदवी कशी मिळणार!

पहिलीच आली ती एक पांढरी मोटार. मी झेब्राच्या उरलेल्या पट्ट्यावर पाय टाकलेला. चालकाने मला पाहिलं. पाहिलं हे नक्की, कारण आमची नजरानजर झाली. तो थांबला नाही, त्याने वेगही कमी केला नाही. त्याने फक्त स्टिअरिंग बोटभर फिरवलं आणि माझ्या पाठीमागून असा निघून गेला की माझा शर्ट पँटीतून बाहेर आला. आता याला कुठे टिक करायची? 'थांबला नाही' म्हणावं तर त्याने माझा विचार केलाच नाही असा अर्थ होतो. उलट इतका विचार माझ्या पगारवाढीच्या वेळीही कुणी केला नव्हता. आपण तिथे पोचेपर्यंत हा गृहस्थ दीड पाऊल पुढे गेलेला असेल, त्याची चाल अशी, वय असं, हातात डबा आहे, म्हणजे आणखी थोडा हळू, असं सगळं गणित त्याने क्षणात केलं होतं. आमच्याकडे याला कट मारणं म्हणतात.

हे गणित चुकू नये म्हणून उपनगरातल्या पादचाऱ्याने एकच पथ्य पाळायचं असतं: मागे फिरायचं नाही. पाऊल टाकलंत की तुमचं पुढचं पाऊल पाच ड्रायव्हरांनी गृहीत धरलेलं असतं. आमच्या मजल्यावरच्या काकूंना हे मान्य नाही. त्या दोन पावलं पुढे टाकतात, "अगो बाई" म्हणतात आणि तीन पावलं मागे येतात. एकदा त्यांच्या या चालीपुढे एक रिक्षा, एक स्कूटर आणि पाववाल्याची सायकल अशी तिन्ही वाहनं पूर्ण थांबली. एकमेकांत अडकून थांबली, पण थांबली. पहिल्या रकान्यातल्या माझ्या पहिल्या तीन टिका त्या.

पाठोपाठ सरकणारा आला. सरकणारा तत्त्वाचा माणूस असतो. तो कधीही पूर्ण थांबत नाही. थांबणं म्हणजे जागा सोडणं, आणि मुंबईत जागा सोडलेला माणूस पुन्हा वर आलेला कुणी पाहिला आहे? त्याची गाडी उभी दिसते, पण चाकाकडे नीट बघितलं तर ते हळूहळू फिरत असतं. मी भाचीला फोन लावला.

"गाडी थांबल्यासारखी आहे, पण चाक फिरतंय. काय लिहू?"

"वेग कमी केला."

"पण बंपर माझ्या गुडघ्याला लागलाय."

"मग तू अजून तिथे काय करतोयस?"

"तुझा फॉर्म भरतोय!"

तिच्याकडून कळलं, की या सरकण्याला, म्हणजे आपण पादचारी जे सरकतो त्याला, शास्त्रात रीतसर शब्द आहे. 'रोलिंग गॅप.' सगळा रस्ता मोकळा व्हायची वाट न पाहता माणूस पहिल्या रांगेतल्या दोन गाड्यांमधल्या फटीत शिरतो, तिथे उभा राहतो, मग दुसऱ्या रांगेतली फट शोधतो, असं करत करत पलीकडे जातो. आमच्या शेजारच्या पवईच्या आयआयटीतल्या मंडळींनी यावर शोधनिबंध लिहिले आहेत. आमच्याकडे हे पोरं शाळेच्या पहिल्या आठवड्यात शिकतात, आणि शिकवायला शिक्षक लागत नाही, दप्तर ओढत पुढे चालणारी आई लागते.

संध्याकाळी अंधार पडला तसा अप्पर-डिपर मारणारा वर्ग बाहेर पडला. याच्यावरून आमच्या घरात वाद झाला. भाचीचं म्हणणं, विलायतेत दिवे मिचकावले की लोक 'तुम्ही व्हा पुढे' असा अर्थ घेतात. तिथलं नियमांचं पुस्तक मात्र सांगतं, की दिवे फक्त 'मी इथे आहे' एवढं कळवण्यासाठी मिचकावावेत. मुलुंडच्या ड्रायव्हरने ते पुस्तक वाचलेलं नसेल, पण ते पाळतो तो एकटाच. 'मी इथे आहे' असं तो कळवतो. 'आणि आत्ता तू जिथे आहेस तिथेही मीच असणार आहे' हा पुढचा भाग आपण समजून घ्यायचा असतो.

हॉर्नचं याहून कठीण. एक आखूड हॉर्न म्हणजे 'मी तुला पाहिलं'. दोन आखूड म्हणजे 'तू मला पाहिलंस का?'. एक लांबलचक म्हणजे 'पाहिलं तर पाहिलं, आता काय पत्रिका काढायची?'. ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' २०१५ साली महाराष्ट्र सरकारने बंद केलं. लोकांनी फक्त 'प्लीज' बंद केलं. पुढे २०२० साली मुंबई पोलिसांनी काही सिग्नलवर आवाज मोजायचं यंत्र बसवून पाहिलं. हॉर्नचा कलकलाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. ही अस्सल मराठी शाळामास्तरी शिक्षा होती आणि मला ती मनापासून आवडली होती. आमच्या कोपऱ्यावर ती आणली असती तर मात्र तो दिवा अजून लालच असता.

एवढे नमुने झाल्यावर बँकेतल्या सवयीने मी चौथा रकाना आखला आणि त्यावर 'सस्पेन्स' असं लिहिलं. ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो. त्या रकान्यात कट मारणारा गेला, डिपरवाला गेला. मोबाइल मानेत धरून मान वाकडी करून येणारा स्कूटरवाला गेला. त्याने मला पाहिलं होतं, पण आडवं. राँग साइडने येणारा गेला, कारण मी ज्या बाजूला बघत उभा होतो त्या बाजूने तो आलाच नव्हता, मग त्याचं वर्तन मी बघणार कसं? त्याने बघितलं, आणि तो म्हणाला, "काका, इकडे पण बघत जा ना जरा!" त्याचा सूर इतका काळजीचा होता की मी "हो" म्हटलं.

आणि फुटपाथवरून येणारा मोटरसायकलवाला. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून जी संस्था रस्त्यांचे मापदंड ठरवते, तिच्या २०१२ च्या पुस्तकात फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी असं लिहिलं आहे. आमच्या फुटपाथवर वडापावची गाडी, चावीवाला, विजेचा खोका आणि एका पक्षाचा वाढदिवस-शुभेच्छांचा फलक एवढं सोडून जे उरतं ते बरोबर एका मोटरसायकलीच्या हँडलाएवढं असतं. याचा अर्थ ती जागा कुणासाठी ठेवली आहे हे उघड आहे. हा चालक आमच्यासमोर येत नाही, आमच्या मागून येतो, आणि आम्ही बाजूला झालो की "थँक्यू" म्हणतो. फॉर्मवर सौजन्याला रकाना नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मात्र आकडे बिघडले. गाड्या थांबू लागल्या. एक थांबली, दुसरी थांबली, एका रिक्षावाल्याने तर झेब्राच्या अलीकडे थांबून खाकी शर्टाची गुंडी लावली. 'पूर्ण थांबला' या रकान्यात टिकांवर टिका पडत होत्या आणि मी मनाशी म्हणत होतो, की माणसं चांगली असतात, आपणच उगाच दूषणं देतो. इतक्यात पलीकडच्या फुटपाथवरून भाचीने मला हाक मारली.

"मामाऽऽ!"

हेल्मेट न घातलेले दोन जण जागच्या जागी स्कूटर वळवून आले तसे परत गेले.

उलगडा झाला. पॅडवर मान खाली घालून काहीतरी लिहिणारा, पोट सुटलेला, पांढरा शर्ट घातलेला माणूस, आणि त्याला लोक मामा म्हणतात. ई-चलान २०१६ साली आलं आणि घरबसल्या दंड येऊ लागला, पण रस्त्यावर उभं राहून लिहिणाऱ्या माणसाचा धाक अजून गेलेला नाही. एक टेम्पोवाला तर खाली उतरून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, आजचा दिवस जाऊ द्या. बोहनी पण नाही झाली." मी म्हटलं, "अहो, मी ट्रॅफिकचा नाही." तो अधिकच घाबरला. "मग कुठले? इन्कम टॅक्स?"

भाची वैतागली. तिचा सगळा डेटा नासला. बघणारा माणूस दिसला की बघितला जाणारा सुधारतो, हे तिच्या विषयातलं जुनं दुखणं आहे म्हणे. तिने मला पॅड पिशवीत लपवून आतल्या आत टिका करायला सांगितलं. पण मला जे कळायचं ते कळलं होतं. त्या दिवसापासून मी गिरणीत जाताना पॅड घेऊन जातो. डबा डाव्या हातात, पॅड उजव्या हातात. रस्त्याच्या मध्यावर थांबून येणाऱ्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघायचं आणि पेन टेकवायचं, बस. लाल समुद्र दुभंगावा तसा मार्ग दुभंगतो. ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरली. आता काकू भाजीला जाताना "तुमचं ते पुठ्ठ्याचं जरा द्या हो" म्हणून पॅड नेतात. दोन पावलं पुढे, तीन मागे हे त्यांचं चालूच आहे, पण मागे येताना त्या आता लिहितात.

पॅड पिशवीत ठेवून केलेल्या पाहणीत खरा थांबणारा मला एकदाच भेटला, आणि सगळ्यांत जास्त गोंधळ त्यानेच घातला.

म्हातारे गृहस्थ होते, गाडीही त्यांच्याच वयाची. माझ्यापासून चांगल्या दोन हातांवर त्यांनी ती शांतपणे उभी केली. आम्ही कडेला सात-आठ जण होतो. कुणीही हललं नाही. आमच्यातला एक म्हणाला, "पेट्रोल संपलं वाटतं." दुसरा म्हणाला, "नाही, पत्ता विचारायचा असेल." त्यांनी हाताने 'जा' अशी खूण केली. मला वाटलं, मला बाजूला व्हायला सांगताहेत. मी मागे झालो आणि 'तुम्ही व्हा पुढे' अशी खूण केली. त्यांनी मान हलवून पुन्हा हात केला. मीही केला. मागे हॉर्न सुरू झाले, आणि ते तीन प्रकारांतले सगळे होते. एक मुलगा गाडीतून डोकं काढून म्हणाला, "अंकल, गाडी बंद पड़ी क्या? धक्का मारूँ?" एवढ्यात आमच्यातल्या एका बाईंनी देवाचं नाव घेऊन पाऊल टाकलं आणि त्याच क्षणी म्हाताऱ्यांच्या गाडीच्या डावीकडून एक मोटरसायकल सुसाट आली. समोरची गाडी का थांबली असेल हे बघायला ती थांबलेली नव्हती. बाई वाचल्या, कारण त्या काकूंच्या संप्रदायातल्या निघाल्या.

भाची म्हणाली, ही गोष्ट जगभर माहीत आहे. एका रांगेतली गाडी थांबते, तिच्याआड माणूस दिसत नाही, आणि शेजारच्या रांगेतली गाडी येऊन घात करते. म्हणून एकट्यादुकट्याने थांबून भागत नाही, सगळ्यांनी मिळून थांबावं लागतं. मी म्हटलं, सगळ्यांनी मिळून आम्ही फक्त राष्ट्रगीताला उभे राहतो. म्हाताऱ्या गृहस्थांना कुठे टाकायचं यावर आमचं एकमत झालं नाही. त्यांनी कायद्यातलं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. पादचारी क्रॉसिंगपाशी चालकाने वेग कमी करावा, थांबावं आणि वाट द्यावी असं २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत आहे. मी त्यांच्या नावाची टिक पहिल्या रकान्यात केली, पण धोक्याची खूण म्हणून भोवती लाल वर्तुळ काढलं.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर फॉर्मची रचनाच मोडीत काढली. पायी असले की ते छत्रीने गाड्यांची बॉनेटं बडवत जातात. "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा त्यांनी मला घाटकोपरपर्यंत आपल्या गाडीतून नेलं. भांडुपला एक घोळका आडवा आला. सेक्रेटरींनी काच खाली केली आणि ओरडले, "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?" घाटकोपरला गाडी लावून आम्ही उतरलो, स्टेशनकडे जायला रस्ता ओलांडू लागलो, समोरून एक मोटार आली, आणि छत्री बाहेर पडली. वाक्य तेच, फक्त बाप बदलला. मी भाचीला सांगितलं, की तू माणसांचं वर्गीकरण करू नकोस, सीटचं कर. ती म्हणाली, "मामा, गाइड मान्य नाही करणार."

मग तिने मला अंधेरीला पाठवलं. सकाळच्या गर्दीत अंधेरी पूर्वेला स्टेशनबाहेर फॉर्म भरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तिथल्या चौकाला गोपाळ गणेश आगरकरांचं नाव आहे. जे आहे ते बुद्धीला पटलं तरच मानायचं म्हणून जन्मभर भांडलेल्या माणसाचं नाव मुंबईकरांनी नेमकं या चौकाला द्यावं, हा योगायोग नसावा. तिथे वर्गीकरण उलटं होतं. लोकल आली की पादचाऱ्यांचा लोंढा बाहेर पडतो आणि कुणाच्या बापाला न जुमानता रस्ता घेतो. बसेस, रिक्षा, मोटारी हात जोडून उभ्या. सगळ्यांना 'पूर्ण थांबला' अशी टिक करावी, तर कुणी थांबायचं ठरवलेलंच नव्हतं.

पश्चिमेला गेलो. तिथे गोखले पुलाखाली भाची मला दोन गाड्यांमधलं अंतर मोजायचं शिकवत होती. किती सेकंदांची फट असली की माणूस रस्ता ओलांडायला धजतो, वगैरे. मी वर बघितलं. हा पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केला, पाडला, नवा बांधला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू उघडली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की शेजारच्या बर्फीवाला पुलाला तो लागतच नाही. दोघांच्या उंचीत जवळजवळ माणूसभर तफावत होती. अखेर जॅक लावून बर्फीवाला वर उचलला आणि जुलैत दोघांची गाठ घालून दिली. जिथे दोन स्थिर पुलांना एकमेकांचा अंदाज येत नाही, तिथे चालता माणूस आणि धावती रिक्षा यांच्याकडून काय अपेक्षा करायची? भाची म्हणाली, "विषयांतर नको." मी म्हटलं, अंतराचंच तर बोलतोय.

सिग्नलचंही तिने समजावलं. हिरवा माणूस किती सेकंद दाखवायचा हे ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं साधारण धरतात. म्हणजे पंधरा सेकंदांत अठरा मीटर. मी बायकोला सोबत नेऊन पाहिलं. पहिले सहा मीटर ठरल्याप्रमाणे झाले. मग मध्यावर विहीणबाई भेटल्या. "अय्या, तुम्ही इकडे कुठे?" या वाक्याला किती मीटर धरायचे, हे कुठल्याच पुस्तकात नाही. दादरला ऑगस्ट २०२० पासून काही सिग्नलांवर हिरव्या पुरुषाच्या जागी हिरवी बाई आली. मला वाटलं, आता सेकंद वाढवले असतील. तसं काही नाही. तिला फक्त झगा दिला.

हे सगळं पुढे कशाला लागणार, असं मी विचारलं तेव्हा भाची म्हणाली, की सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सी फिरतात, त्यांनाही माणसासमोर कसं वागायचं ते असंच नोंदी करून शिकवावं लागलं. मी ती टॅक्सी आमच्या मुलुंडच्या पाच रस्त्याला डोळ्यांसमोर आणली. ती पहिल्या माणसाला वाट देईल, मग दुसऱ्याला, मग काकूंना पुढे जाताना आणि मागे येताना, मग हार विकणाऱ्याला, मग एका गाईला. संध्याकाळी बॅटरी संपलेल्या अवस्थेत सापडेल आणि तिच्या टपावर कुणीतरी मोसंबी मांडून बसलेला असेल. नितीन गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगून टाकलं, की विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील. लोकांना वाटलं, त्यांना ड्रायव्हरांची दया आली. मला वाटतं, गाडीची आली असावी.

शेवटचा प्रयोग हाताचा होता. पादचाऱ्याने पंजा उंचावून चालकाला स्पष्ट खूण केली तर थांबणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, असं तिने वाचलेलं. हे मला पटलं. 'हात दाखवा, एसटी थांबवा' या योजनेवर आमची पिढी वाढली आहे. रानात, वळणावर, कुठेही हात दाखवला की लाल डबा थांबायचा. तेव्हा मी अंधेरीला स्वामी विवेकानंद मार्गावर झेब्राच्या पहिल्या पट्ट्यावर उभा राहिलो, पॅड पिशवीत होतं, आणि येणाऱ्या वाहनांना पंजा दाखवला.

बेस्टची बस थांबली. थांबली म्हणजे दार उघडून थांबली. "चला काका, चला लवकर, पुढे सरका." मी नाही म्हणेपर्यंत माझ्या मागचे तिघे चढले होते. दार बंद झालं, बस गेली. एका मोटारवाल्याने मला उलटा हात दाखवला. कुणीतरी ओळखीचं आहे असं वाटून तो हसलाही.

मग एक रिकामी रिक्षा आली. ती दुरूनच हळू झाली, दिवे नाहीत, हॉर्न नाही, झेब्राच्या अलीकडे अगदी रेषेवर उभी राहिली. इतकं आदर्श थांबणं मी इतक्या दिवसांत पाहिलं नव्हतं. माझा हात आपोआप पिशवीतल्या पॅडकडे गेला.

"किधर जाना है?"

मी समोरच्या फुटपाथकडे बोट दाखवलं.

त्याने तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं. भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे आणि किमान भाडं २६ रुपये झालेलं आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"उस साइड नहीं जाएगा," म्हणाला आणि माझ्या पायाला कट मारून गेला.